दुधावाचून चीज : एका फ्रेंच वहिवाटीचा इतिहास

राजांनी आपल्या मर्जीतल्या माणसांना गावे, जहागिरी आणि वतने बहाल केल्याच्या सनदा प्रत्येक देशाच्या दप्तरखान्यात सापडतात. परंतु अमुक एक खाद्यपदार्थ अमुक एका गावच्या गुहांतच मुरवला जावा आणि तो हक्क त्या गावच्या रहिवाशांवाचून अन्य कोणास असू नये, असे फर्मान काढणारा राजा विरळा. फ्रान्सच्या सहाव्या शार्लने १४११ मध्ये दक्षिणेकडील रोकफोर गावच्या लोकांना अशी सनद दिली, पुढे १६६६ मध्ये तुलूझच्या न्यायसभेने तिला पुष्टी देऊन नक्कल करणारांना दंड सांगितला, आणि २६ जुलै १९२५ रोजी फ्रेंच संसदेने खास कायदा करून मेंढीच्या दुधाच्या या निळसर शिरांच्या चीजला आधुनिक काळातले कायदेशीर कवच चढवले. ज्या देशात चीजचे नाव म्हणजे इनामी वतनच मानले जाते, त्या देशात काजू, बदाम किंवा सोयाबीन यांपासून केलेला पदार्थ कामांबेर किंवा रोकफोर यांच्या पंगतीला बसू पाहतो, ही गोष्ट पुष्कळांना उपटसुंभ कुळाने वतनावर हक्क सांगावा तशी वाटली तर आश्चर्य नाही. हे सारे खूळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कालपरवा निघाले आणि तेथून पॅरिसला आले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु इतिहासाचा दाखला तिच्या विरुद्ध जातो. दुधावाचून दुधाचे पदार्थ करण्याची खटपट फ्रान्सच्या भूमीवर फार जुनी आहे, आणि सोयाबीनच्या दुधाचे चीज करणारा कारखाना तर रोकफोरचा कायदा होण्याच्या दीड दशक आधी पॅरिसच्या वेशीवर चालू होता.

या खटपटीचा पहिला अध्याय धर्माने लिहिला. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपीठाने ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात, आणि वर्षातील इतरही अनेक व्रतदिनी, मांसाबरोबरच दूध, लोणी, चीज आणि अंडी निषिद्ध ठरवली होती. दक्षिणेकडील लोकांस ऑलिव्हचे तेल होते. उत्तरेकडे, जेथे सारा स्वयंपाकच लोण्यावर चालायचा, तेथे या नियमाने मोठीच पंचाईत केली. एकादशीला भाताची जागा वरीच्या तांदळाने घ्यावी, तशी श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात गाईच्या दुधाची जागा बदामाच्या दुधाने घेतली. बदाम भिजवून, सोलून, कुटून, पाण्यात कालवून आणि फडक्यातून गाळून केलेले हे दूध त्या काळच्या पाकग्रंथांत जागोजाग आढळते. १३९३ च्या सुमारास एका वयस्क पॅरिसवासी गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीच्या मार्गदर्शनासाठी रचलेल्या ‘ल मेनाझिए द पारी’ या गृहव्यवस्थेच्या पोथीतही त्याचा उपयोग सांगितलेला आहे. ज्यांना बदाम परवडत नव्हते किंवा रुचत नव्हते, त्यांच्यासाठी धर्मपीठाने दुसरा मार्ग मोकळा ठेवला होता, तो द्रव्याचा. नॉर्मंडीची राजधानी रुआँ येथील महामंदिराचा एक मनोरा, ज्याचे बांधकाम १४८५ मध्ये सुरू झाले, आजही ‘लोण्याचा मनोरा’ या नावाने ओळखला जातो, कारण उपवासात लोणी खाण्याची मुभा मिळावी म्हणून भाविकांनी भरलेल्या देणग्यांतून तो उभा राहिला अशी तेथील परंपरा आहे. ज्या प्रांताने पुढे जगाला कामांबेर दिले, त्याच प्रांताच्या राजधानीत दुधाच्या मोहाचे असे दगडी स्मारक उभे असावे, हा योग विलक्षण खरा.

धर्मसुधारणेनंतर आणि उपवासाचे नियम सैलावल्यानंतर बदामाच्या दुधाचे महत्त्व ओसरले, आणि हा विषय धर्मज्ञांच्या हातून निसर्गशास्त्रज्ञांच्या हाती गेला. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये परदेशी प्राणी आणि वनस्पती फ्रान्सच्या हवामानात रुजवण्याच्या उद्देशाने एक संस्था स्थापन झाली, आणि शांघाय येथील फ्रेंच वकील शार्ल द मोंतिन्यी यांनी तिच्याकडे याक जनावरांबरोबरच सोयाबीनचे बियाणेही रवाना केले. पुढे ओग्यूस्त पाइयो यांनी १८८० च्या सुमारास सोयाबीनवर एक विस्तृत प्रबंध लिहून त्याचे वाण, लागवड आणि उपयोग यांची तपशीलवार मांडणी केली. या मंडळींची जिज्ञासा मोठी होती. पण तिचे क्षेत्र बाग आणि सभागृह यांपुढे गेले नाही. सोयाबीन हे फ्रेंच शेतकऱ्यास एक नवलाचे कडधान्य राहिले, आणि त्याच्या दुधापासून चिनी लोक जो पांढरा, मऊ, साकळलेला पदार्थ करतात, ज्यास आज सारे जग टोफू म्हणते, तो फ्रेंच वाचकास प्रवासवर्णनांतूनच ठाऊक राहिला.

तो प्रत्यक्ष त्याच्या ताटापर्यंत नेण्याचा उद्योग एका चिनी राजपुरुषाच्या मुलाने केला. ली यू-यिंग, ज्यांस पुढे ली शी-झेंग या नावाने ख्याती मिळाली, यांचा जन्म १८८१ चा; त्यांचे वडील ली होंग-झाओ हे मांचू दरबारातील वजनदार मुत्सद्दी आणि एका बादशहाचे शिक्षक. १९०२ मध्ये चीनचे नवे वकील सुन बाओ-ची पॅरिसला निघाले तेव्हा हा तरुण त्यांच्या लवाजम्यात वकिलातीचा उमेदवार म्हणून दाखल झाला. पण दरबारी कारकुनीपेक्षा त्याचे मन शास्त्राकडे ओढत होते. मोंतार्जी येथील शेतकी शाळेत त्याने शिक्षण घेतले, तेथून पॅरिसला येऊन पाश्चर संस्थेत गाब्रिएल बेर्त्राँ यांच्या प्रयोगशाळेत सोयाबीनच्या रसायनाचा अभ्यास आरंभला, आणि १९०५ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय दुग्धपरिषदेत चीनमध्ये होणाऱ्या वनस्पतिजन्य दुधावर निबंध वाचला. गाई, मेंढ्या आणि लोणी यांच्या विचाराकरता जमलेल्या त्या धुरंधरांपुढे दाण्याच्या दुधाची कैफियत मांडणारा हा चोवीस वर्षांचा परदेशी विद्यार्थी किती धाडसी असेल, याची कल्पना करावी.

१९०९ च्या सुमारास पॅरिसच्या वायव्येस कोलोंब या उपनगरात लींनी ‘काझेओ-सोजाईन’ नावाचा कारखाना सुरू केला. कामकरी त्यांनी आपल्या मायदेशातून, मुख्यतः ली कुटुंबाच्याच मुलुखातल्या गाओयांग परगण्यातून आणले. त्यांच्यासाठी दारू, तंबाखू आणि जुगार यांना मज्जाव करून रात्रीची शाळा काढली. आणि सोयाबीनपासून दूध, पीठ, बिस्किटे, मुरंबा, मोड आलेले दाणे, सोयाचा रस आणि ‘फ्रोमाज’, म्हणजे चीज, असा चौफेर माल बाजारात आणला. डिसेंबर १९१० मध्ये त्यांनी या प्रक्रियांकरता ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज केला, तेव्हा साध्या टोफूवर ते थांबले नाहीत. सोयाच्या दुधावर किण्वनाचे संस्कार करून ग्रुयेर, रोकफोर आणि कामांबेर यांच्या वळणाची चीज करता येतील, असा त्यांचा दावा होता. ग्रांव्वाने या कृषिशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेला त्यांचा ‘ल सोजा’ हा ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपातील सोयाविषयक वाङ्मयाचा तो पाया ठरला. चिनी प्रजासत्ताकाचे जनक सन यत्-सेन यांनी १९०९ मध्ये हा कारखाना स्वतः पाहिला, आणि पुढे आपल्या लेखनात टोफूची थोरवी गाताना या मित्राच्या उद्योगाचा आवर्जून उल्लेख केला.

कोलोंबच्या त्या चीजला यश का आले नाही, हा प्रश्न या इतिहासाचा गाभा आहे. लौकिक कारणे उघड आहेत. दाणा दूरदेशाहून आणावा लागे, १९१४ साली महायुद्ध पेटले, आणि लींचे चित्तही हळूहळू कारखान्यावरून उडून चिनी तरुणांनी फ्रान्समध्ये काम करीत शिकावे या मोठ्या चळवळीकडे वळले. या चळवळीतून पुढे झोऊ एन-लाय आणि देंग शियाओ-पिंग यांसारखे तरुण फ्रान्सला आले, आणि देंग तर मोंतार्जीशेजारच्या एका रबराच्या कारखान्यात राबले. महायुद्धानंतर कारखाना टिकला नाही. ली मायदेशी परतून राजकारणात आणि विद्येच्या क्षेत्रात रमले, १९२५ मध्ये बीजिंगच्या राजवाड्यात स्थापन झालेल्या संग्रहालयाचे ते एक प्रमुख संस्थापक ठरले, आणि १९७३ मध्ये तैवानात त्यांचे निधन झाले. परंतु लौकिक कारणांच्या मुळाशी एक पदार्थविज्ञानाचे कारण होते, आणि ते ध्यानी घेतल्याविना पुढची शंभर वर्षे कळत नाहीत.

दुधातील केसीन नावाचे प्रथिन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपाने तरंगत असते. वासराच्या जठरातून काढलेले रेनेट त्यात मिसळले की ते त्या गोळ्यांचे बाह्य आवरण नेमके छाटते, गोळे एकमेकांस चिकटतात, आणि निवळीपासून वेगळा होणारा एक लवचीक, चिवट साका तयार होतो. या साक्यात चरबी अडकून राहते, आणि बुरशीला महिनोन्महिने पुरेल असा आहार मिळतो. वनस्पतीच्या प्रथिनात केसीन नाही. सोयाचे दूध उष्णतेने आणि क्षाराने साकळते खरे, पण त्या साक्यास दुधाच्या साक्याचा ताण येत नाही. शिवाय सोयाबीनमधील एक विकर दाणा दळताच त्यातील स्निग्धांशावर हल्ला करून तो उग्र, हिरवट वास निर्माण करते, जो युरोपीय जिभेला आजतागायत पचलेला नाही. लींच्या काळी या वासाला उतारा नव्हता.

आपल्याकडे हा विचार थोड्याच काळात वेगळ्या वाटेने आला. ‘ल सोजा’ प्रसिद्ध झाला त्याच १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी दूध सोडले, पुढे आजारपणात शेळीचे दूध स्वीकारले, आणि प्राण्याच्या दुधाला समर्थ असा वनस्पतिजन्य पर्याय कोणी शोधून द्यावा ही तळमळ अखेरपर्यंत बाळगली. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग चालले आणि ‘हरिजन’मधून त्यांची चर्चा झाली. लींची आणि गांधीजींची प्रेरणा मुळात एकच, म्हणजे निरामिष आहाराची. फरक इतकाच की ली मुरवलेल्या चीजपर्यंत पोचू पाहत होते, तर वर्ध्याला साध्या भाकरीशी आणि पौष्टिकतेशी कर्तव्य होते.

आता नॉर्मंडीकडे वळू. कामांबेरचा जन्म १७९१ मध्ये मारी आरेल नावाच्या शेतकरी स्त्रीच्या हातून झाला, आणि क्रांतीच्या धामधुमीत ब्री प्रांतातून पळून आलेल्या एका धर्मगुरूने तिला ती विद्या शिकवली, ही दंतकथा प्रत्येक फ्रेंच बालकास ठाऊक आहे. इतिहास मात्र असे सांगतो की कामांबेरला राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली ती रेल्वेने, १८९० च्या सुमारास प्रचारात आलेल्या पॉपलरच्या पातळ लाकडी डबीने, आणि पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना मिळालेल्या शिध्याने. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या सालीची. एकोणिसाव्या शतकातील कामांबेरची साल निळसर करडी असे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निवडून दिलेली शुभ्र बुरशी चीजवाल्यांनी स्वीकारली, आणि आज ज्या दुधासारख्या पांढऱ्या सालीवरून कामांबेर ओळखले जाते ती साल तेव्हा रूढ झाली. ज्या संस्थेत ली सोयाचा अभ्यास करीत होते, तिच्याच आश्रयाने पारंपरिक कामांबेरचे हे ‘पारंपरिक’ रूप घडले, हे विसरता कामा नये.

रोकफोरच्या गुहांत हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. कोंबालू डोंगराच्या कोसळलेल्या कड्यात ज्या नैसर्गिक भेगा आहेत, त्यांतून वर्षभर थंड आणि दमट वारा वाहतो. तेथील जुनी रीत अशी की राईच्या पिठाचे मोठे, कडक सालीचे पाव भाजून ते गुहेत ठेवावेत, आतला गर निळसर हिरव्या बुरशीने भरून जाईपर्यंत वाट पाहावी, मग तो वाळवून त्याची भुकटी करावी आणि ती मेंढीच्या दुधाच्या साक्यात मिसळावी. म्हणजे रोकफोरचा जीव जी बुरशी, तिचे पोषण दुधावर होण्याआधी धान्यावर होते. चीज नावाच्या वस्तूत दुधाचा वाटा देहाचा असेल. तिची चव, तिचा वास, तिची ओळख हे सारे बुरशी, जिवाणू, मीठ, गारवा आणि काळ यांचे कर्तृत्व आहे. फ्रेंच लोक मुरवण्याच्या या विद्येला स्वतंत्र व्यवसाय मानतात आणि तिच्या कारागिराला चीज करणाराइतकाच मान देतात.

लींच्या नंतर वनस्पतिजन्य चीजची जी अर्धशतकाहून अधिक काळ दुर्दशा झाली, तिचे मूळ हा कारागीरच वगळल्यात आहे. वाट दाखवली ती मार्गारीनने. तिसऱ्या नेपोलियनने सैन्य आणि गोरगरीब यांच्यासाठी स्वस्त लोण्याचे बक्षीस लावले आणि १८६९ मध्ये इपोलित मेज-मूरिएस यांनी गोवंशाच्या चरबीपासून ते सिद्ध केले. दूधवाल्यांच्या फिर्यादीवरून १८८७ आणि १८९७ मध्ये कायदे होऊन त्याच्या विक्रीवर कडक निर्बंध आले. पुढे वनस्पती तेलांनी चरबीची जागा घेतली, आणि तोच हिशेब चीजला लावण्यात आला: खोबऱ्याचे तेल, बटाट्याचे पीठ, मीठ, रंग आणि कृत्रिम वास. ही वस्तू पिझ्झ्यावर वितळते, कापली जाते, स्वस्तही पडते. पण ती कधी मुरत नाही, कारण तिच्यात मुरण्याजोगे काही नसतेच. तिला चीज म्हणणे हा कायद्याचा भंग असो वा नसो, तो चवीचा भंग निश्चित आहे.

खरा पालट अलीकडचा. कॅलिफोर्नियात मियोको शिनर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने काजूचे विरजण लावून चीज मुरवण्याची रीत घरोघर नेली; पॅरिसमध्ये ‘जे अँड जॉय’, स्वित्झर्लंडात ‘न्यू रूट्स’ यांसारख्या लहान कारखान्यांनी तिला फ्रेंच मुरवणीच्या शिस्तीत बसवले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. काजूगर रात्रभर भिजवून, पाणी निथळून, लोण्याइतके मऊ वाटतात. त्यात लॅक्टिक जिवाणूंचे विरजण घालून ऊबेत ठेवतात, म्हणजे त्याला आंबटपणा येतो आणि ते घट्ट होते. मग साच्यात भरून, मीठ लावून, वर कामांबेरच्याच शुभ्र बुरशीचे बीज शिंपडतात आणि गार, दमट खोलीत फळ्यांवर मांडतात. काही दिवसांत वड्यांवर लव उगवते, ती वाढून मखमलीसारखी साल होते. कारागीर रोज वड्या उलटतो, हवेतला ओलावा तपासतो, एखाद्या वडीवर करडा डाग दिसला की ती बाजूस काढतो. दोन-तीन आठवड्यांनी कापली असता साल चरचरीत नव्हे, मऊच लागते आणि आतला गाभा सालीलगत किंचित सैल झालेला असतो. तो कामांबेरसारखा वाहत नाही, कारण केसीनचा अभाव भरून निघत नाही. पण अळंब्याचा तो गंध, ती सूक्ष्म कडसर चव, ही बुरशीची सही असते आणि ती खोटी म्हणता येत नाही.

या काजूशी आपला जुना संबंध आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड गोव्यात रुजले आणि तेथून कोकणभर पसरले. बोंडूच्या रसाची फेणी गोव्याची ओळख झाली, आणि गर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या घरांत उसळीपासून नारळाच्या वाटणापर्यंत सर्वत्र शिरला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने सिद्ध केलेले ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ हे वाण आज बागायतदारांत सर्वतोमुखी आहेत, आणि वेंगुर्ला काजूस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळालेले आहे. फ्रेंच कारागिराच्या वाटणातला काजू कोकणचाच असेल असे नाही, कारण जगाच्या बाजारात व्हिएतनामचा भर मोठा आहे. परंतु ज्या दाण्याला घट्टपणा, स्निग्धता आणि सौम्य चव यांचा दुर्मीळ मेळ लाभला आहे, तो दाणा सोयाबीनला न साधलेले काम करून दाखवतो, हे कोकणी माणसाने लक्षात ठेवावे.

राहिला प्रश्न नावाचा. १४ जून २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने ‘टोफूटाउन’ या जर्मन कंपनीच्या खटल्यात असा निवाडा दिला की दूध, लोणी, मलई, चीज ही नावे प्राण्याच्या दुधापासून केलेल्या पदार्थांसच लावावीत. वनस्पतिजन्य वस्तूला स्पष्टीकरणाचे शब्द जोडले तरी ती नावे चालणार नाहीत. मात्र जुन्या वहिवाटीने रूढ झालेल्या काही नावांना यातून सूट आहे, आणि फ्रेंच भाषेच्या यादीत बदामाचे दूध आहे. म्हणजे मध्ययुगीन उपवासाने जे नाव रुळवले, त्याचा हक्क आधुनिक कायदाही मान्य करतो. मग १९१० च्या सुमारास पॅरिसच्या वेशीवर उघडपणे, पेटंटासह, सोयाच्या चीजचा जो व्यवहार झाला, ती वहिवाट कमी पडावी का? कायद्याच्या दृष्टीने ती निरंतर चालली नाही, म्हणून ती गमावली गेली, हे मला मान्य आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती परकी किंवा नवी नव्हती.

आणि परंपरेचा कैवार घेणारांनी आणखी एका वार्तेकडे लक्ष द्यावे. २०२४ च्या आरंभी फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन संस्थेने असे निदर्शनास आणले की शतकभर एकाच शुभ्र वाणाचे बीज वापरत राहिल्याने कामांबेरच्या बुरशीतील विविधता संपत आली आहे आणि तिचे बीजाणू मिळवणे कठीण होत चालले आहे. दूध मुबलक, गाई भरपूर, सनद अबाधित. धोका आला तो त्या सूक्ष्म जिवाला, ज्याला सनदेत जागाच नव्हती.

या साऱ्यावरून माझा निष्कर्ष सरळ आहे. कामांबेर आणि रोकफोर ही नावे ज्या गावांनी शतकानुशतके राखली त्यांचीच असावीत. त्यांवर कोणी आक्रमण करू नये, आणि काजूच्या कारागिराने स्वतःच्या वस्तूला स्वतःचे नाव शोधावे. परंतु मुरवण्याची विद्या कोणाच्याही वतनात लिहिलेली नाही. जो ती शिकेल, सांभाळेल आणि घाई न करता वापरेल, त्याची ती. वनस्पतिजन्य चीज फसले ते जेव्हा जेव्हा दुधाचे सोंग घेऊ लागले तेव्हा, आणि टिकले ते जेव्हा बुरशीची आणि काळाची चाकरी पत्करली तेव्हा. म्हणून वाचकाने कधी असा पदार्थ विकत घेतलाच, तर वेष्टनावरचे नाव वाचण्यात वेळ न दवडता घटकांची यादी वाचावी: काजू किंवा बदाम, मीठ आणि विरजण एवढेच असेल तर तो कारागिराचा माल समजावा, तेल, स्टार्च आणि कृत्रिम वास असेल तर पैसे वाचवून घरचे पनीर खावे.